साहेबांना सांगायचे कसे?

कामाच्या ठिकाणी बोलणे तीन दिशांनी चालते: वरून खाली, बरोबरीच्या माणसांत, आणि खालून वर. वरून येणारा आदेश कितीही ढोबळ असला तरी खालची माणसे त्याचा अर्थ लावून घेतात, कारण लावून घ्यावाच लागतो. बरोबरीच्या माणसाला 'म्हणजे काय रे?' असे विचारता येते. खरी अडचण होते ती खालून वर जाणाऱ्या बोलण्यात. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला बिघाड आधी कळतो, रुग्णाच्या खाटेशी असलेल्या सिस्टरला बदल आधी दिसतो, हिशेब लिहिणाऱ्याला तूट आधी जाणवते. पण निर्णय घ्यायचा अधिकार दोन-तीन पायऱ्या वर असतो. तेवढ्या पायऱ्या चढताना बातमीची धार जाते, आणि कधी कधी बातमीच वाटेत राहते.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो विमान वाहतुकीत. त्याचे कारण साधे आहे. कार्यालयात कोण कोणाला काय म्हणाले हे नंतर ज्याच्या त्याच्या आठवणीवर सोडावे लागते, विमानात मात्र कॉकपिटमधले बोलणे ध्वनिमुद्रित होते. अपघातानंतर ते शब्द, त्यांमधली शांतता आणि उत्तर देणाऱ्याचा सूर, सगळे तपासता येते. गेल्या पाच दशकांत या तपासणीतून जे हाती आले, ते पुढे रुग्णालयांनी उचलले, अणुऊर्जा केंद्रांनी उचलले. साध्या कार्यालयालाही त्यातले बरेच काही लागू पडते.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर लोस रोदेओस विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. धुके दाट होते, शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने विमानांची गर्दी झाली होती, वैमानिकांच्या कामाचे तास संपत आले होते. हे सगळे खरे. पण शेवटच्या मिनिटात घात केला तो बोलण्याने. केएलएम कंपनीच्या कॅप्टनने इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली, तेव्हा सहवैमानिकाने अजून परवानगी मिळाली नसल्याचे लक्षात आणून दिले. कॅप्टन थांबला आणि परवानगी मागायला सांगितली. नियंत्रकाने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला; तो परत म्हणून दाखवताना सहवैमानिकाने शेवटी जे वाक्य जोडले, त्याचा अर्थ 'आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत' असाही होत होता आणि 'आम्ही उड्डाण करत आहोत' असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला, 'ओके' म्हटले, आणि क्षणभराने थांबायला सांगितले. नेमक्या त्याच वेळी धावपट्टीवर असलेल्या पॅन अॅमच्या विमानानेही 'आम्ही अजून इथेच आहोत' असे कळवले. दोन्ही संदेश रेडिओवर एकमेकांत मिसळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिटी ऐकू आली. तिथल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान बाजूला झाले नाही का, असे त्याने विचारले. कॅप्टनने ठासून सांगितले की झाले आहे. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. तो कॅप्टन म्हणजे कंपनीच्या वैमानिकांना जंबो जेट शिकवणारा प्रमुख शिक्षक होता, कंपनीच्या जाहिरातीत ज्याचा फोटो छापला जाई असा.

या अपघातातून निघालेला पहिला धडा शब्दांचा होता. 'टेक-ऑफ' हा शब्द आता फक्त उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात. बाकी सर्व ठिकाणी 'डिपार्चर' म्हणतात. महत्त्वाची सूचना नुसती 'ओके' किंवा 'रॉजर' म्हणून स्वीकारता येत नाही, ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते आणि ती बरोबर आहे की नाही हे सांगणाऱ्याने ऐकायचे असते. संदेश गेला एवढ्याने काम होत नाही. तो जसा पाठवला तसाच पोचला, याची खात्री झाल्यावर काम पुरे होते.

ही शिस्त भारतीय रेल्वेला नवी नाही. एका स्टेशनचा स्टेशन मास्टर गाडीबद्दल पुढच्या स्टेशनला किंवा फाटकावरच्या गेटमनला फोन करतो तेव्हा तो समोरच्याकडून 'प्रायव्हेट नंबर' घेतो. हा आकडा समोरच्याजवळच्या छापील तक्त्यावर असतो, दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो, आणि एकदा दिला की तो खोडला जातो. संदेश मिळाला, कळला आणि त्यानुसार केले, याचा तो पुरावा. 'हो हो, कळलं' या उत्तरावर शेकडो प्रवाशांचा जीव टांगायचा नाही, हे रेल्वेने फार पूर्वी ठरवून टाकले. कार्यालयांत मात्र 'कळलं ना?' या प्रश्नावर मीटिंगा संपतात आणि त्याला 'नाही' असे उत्तर कोणी देत नाही. 'आता तू नेमकं काय करणार आहेस, सांग बरं' हा प्रश्न थोडा शाळेतला वाटतो, पण गैरसमज तोच उघडा पाडतो.

दुसरा धडा अधिक अवघड होता. शब्द चुकीचे नसतात, ते नरम असतात. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान चाकांतल्या बिघाडामुळे जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिले. कॅप्टन चाकांच्या प्रश्नात आणि प्रवाशांच्या तयारीत गुंतला होता. सहकाऱ्यांनी इंधनाचा विषय काढला, पण नुसता काढला. 'आता उतरलो नाही तर इंधन संपेल' असे वेळेत कोणी रोखठोक म्हणाले नाही. इंधन संपले, विमान उपनगरात कोसळले, दहा जण गेले. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनला बर्फ पडत असताना निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या विमानात सहवैमानिकाला इंजिनाचे आकडे पटत नव्हते. हे बरोबर दिसत नाही, नाही का, अशा धर्तीवर तो बोलला, एकापेक्षा जास्त वेळा. कॅप्टनने आकडे ठीक आहेत असे सांगितले. उड्डाण थांबवा, असे कोणी म्हटले नाही. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत पडले. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ असे ७८ जण मेले.

शार्लट लिंड या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने अशा ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. कनिष्ठ माणूस वरिष्ठाशी बोलताना आपले म्हणणे सौम्य करत नेतो, आणि अशा सौम्य केलेल्या सूचना वरिष्ठाच्या कानावरून निघून जाण्याची शक्यता वाढते, हे तिने दाखवले. एकच गोष्ट आज्ञा म्हणून सांगता येते, 'आपण हे करायला हवं' अशी सांगता येते, सुचवता येते, प्रश्न म्हणून विचारता येते, किंवा नुसती हवेत सोडून देता येते. पायरी खाली उतरते तसा विनय वाढतो आणि अर्थ पातळ होतो.

मराठी कार्यालयांत या शेवटच्या पायरीवर वस्ती करून राहिलेली वाक्ये भरपूर आहेत. 'सर, तसं काही विशेष नाही, पण जरा एकदा बघितलंत तर बरं होईल.' 'मॅडम, होईल म्हणा, पण थोडं टाइट आहे.' 'साहेब, तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, फक्त एक शंका होती.' यातल्या पहिल्या वाक्याचा अर्थ 'बिलात चूक आहे', दुसऱ्याचा 'सोमवारपर्यंत काम होणार नाही', आणि तिसऱ्याचा 'हा निर्णय चुकीचा आहे' असा असू शकतो. बोलणाऱ्याला वाटते आपण सांगितले. ऐकणाऱ्याला वाटते काही विशेष नव्हते. नंतर गोंधळ झाला की दोघेही प्रामाणिकपणे एकमेकांवर चिडतात.

एखादा शब्द वापरायचा राहून गेला म्हणूनही केवढे घडते, ते २५ जानेवारी १९९० रोजी दिसले. कोलंबियातून न्यूयॉर्कला निघालेले अव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ खराब हवेमुळे आकाशात एक तासाहून अधिक काळ थांबवून ठेवले होते. सहवैमानिकाने 'प्राधान्य' मागितले, इंधन संपत चालले आहे असेही सांगितले. पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. नियंत्रकाच्या लेखी इंधन तर सगळ्यांचेच संपत चालले होते. विमान लाँग आयलंडवर कोसळले, १५८ पैकी ७३ जण मेले. आता इंधन कमी असल्याचे कळवण्यासाठी ठराविक शब्द आहेत, आणि त्यांपैकी कोणता उच्चारला की नियंत्रकाने काय करायचे हेही ठरलेले आहे.

अशा वेळी एक सोपे स्पष्टीकरण पुढे येते: हा संस्कृतीचा प्रश्न आहे, आपल्याकडे मोठ्यांपुढे बोलायची पद्धत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्ट होफस्टेड यांच्या सत्ता-अंतराच्या निर्देशांकात भारताचे गुण ७७ आहेत आणि नेदरलंड्सचे ३८, हे खरे. पण टेनेरिफचे कॉकपिट डच होते. पोर्टलंड आणि वॉशिंग्टनची कॉकपिटे अमेरिकन होती. उतरंड जिथे आहे तिथे हा दोष आहे. समाज त्याची तीव्रता कमी-जास्त करतो, एवढेच. संस्कृतीकडे बोट दाखवले की कोणाला काही बदलायला नको, म्हणून हे स्पष्टीकरण एवढे लोकप्रिय असावे.

स्पष्ट बोलूनही भागत नाही, असेही घडते. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान टेकडीवरच्या धावपट्टीच्या टोकापलीकडे दरीत गेले. १६६ पैकी १५८ जण मरण पावले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयाने ध्वनिमुद्रण तपासले. विमान फार उंचावरून आणि फार वेगात येत होते, आणि उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यासाठी सहवैमानिकाने 'गो अराउंड' असे तीन वेळा सांगितले होते. यात संदिग्ध काही नव्हते, शब्द नेमके होते, पहिली सूचना वेळेत होती. कॅप्टन उतरतच राहिला. सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण का घेतले नाही, याचे उत्तर अहवालाने नियमांत शोधले: असा निर्णय सहवैमानिकाने कधी घ्यायचा याबद्दलच्या निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला झालेल्या विमान अपघाताच्या अहवालातही कॉकपिटमधल्या तीव्र अधिकार-उताराचा, म्हणजे दोघांच्या अधिकारांतल्या मोठ्या अंतराचा, आणि सहवैमानिकाच्या ठामपणाच्या अभावाचा उल्लेख आहे. ठामपणा हा केवळ स्वभावाचा गुण मानून चालत नाही. 'ऐकले नाही तर पुढे काय करायचे' हे संस्थेने आधी लिहून ठेवलेले असावे लागते.

पोर्टलंडच्या अपघातानंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने सहवैमानिकांना ठामपणे बोलायला आणि कॅप्टनना ऐकून घ्यायला शिकवावे, अशी शिफारस केली. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू केले. आज ते जगभर 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' या नावाने सक्तीचे आहे. त्यात शंका मांडण्याची एक पद्धत शिकवतात. आधी समोरच्याला नावाने किंवा हुद्द्याने हाक मारून त्याचे लक्ष वेधायचे. मग आपल्याला काळजी वाटते आहे हे सरळ सांगायचे, काय दिसते आहे ते सांगायचे, त्यावर काय करावे ते सांगायचे, आणि शेवटी होकार किंवा नकार मागायचा. 'कॅप्टन, मला इंधनाची काळजी वाटते. पंधरा मिनिटांचं उरलं आहे. आपण आता उतरायला हवं. चालेल?' या चार वाक्यांत उद्धटपणा कुठे नाही. 'चालेल?' हा शेवटचा शब्द तर विनयाचाच आहे, पण त्याचे उत्तर द्यावे लागते; नुसते ऐकून सोडता येत नाही.

रुग्णालयांनी यासाठी अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली एक रीत घेतली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एसबार' म्हणतात: आत्ताची स्थिती, मागची हकीगत, आपला अंदाज, आणि काय करावे. कैसर पर्मनंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेत ती प्रथम रुजली. तिचे महत्त्व रात्री दोनच्या फोनवर कळते. 'सर, तीन नंबरच्या पेशंटला बरं वाटत नाहीये' एवढे ऐकून झोपेतला डॉक्टर 'बरं, लक्ष ठेवा' म्हणणार. तीच सिस्टर असे म्हणाली तर: 'सर, वॉर्ड तीनमधून सिस्टर बोलतेय. काल पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचं बीपी नव्वद-साठ आहे, नाडी एकशेचोवीस. संध्याकाळी बीपी एकशेतीस होतं, गेल्या चार तासांत लघवी फारच कमी झालीये. मला वाटतं आत रक्तस्राव होतोय. तुम्ही लगेच येऊन बघायला हवं. तोवर सलाइन वाढवू का, आणि रक्ताची सोय करायला सांगू का?' आता डॉक्टरला झोपून राहणे अवघड आहे.

या चार भागांपैकी पहिले दोन कोणीही सांगतो. अडखळायला होते ते 'मला वाटतं' या ठिकाणी. निदान करणे डॉक्टरचे काम, आपण कोण सांगणार, ही भीती तिथे आड येते. कारकुनाला, फिटरला, नव्या इंजिनिअरलाही तीच भीती असते. पण अंदाज न सांगता नुसते आकडे पुढे केले की त्यांचा अर्थ लावायचे ओझे ऐकणाऱ्यावर पडते, आणि तो त्या क्षणी दुसऱ्याच कामात असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीतही हाच विचार आहे. तिच्या १९ बाबींपैकी एक म्हणजे छेद घेण्यापूर्वी ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगणे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही खटकले तर बोलण्याची शक्यता वाढते. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले होते. पुढे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ती सरसकट लागू झाली, तेव्हा २०१४ च्या अभ्यासात फारसा फरक आढळला नाही. कागदावर खुणा झाल्या म्हणजे बोलणे झाले असे नाही, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला, आणि तो पटण्याजोगा आहे.

लेखी कळवण्यात आणखी एक अडथळा असतो: लिहिणाऱ्याला विषय फार माहीत असतो. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणांनी ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले निम्मी तरी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे चाललेले असते. समोरच्याला ऐकू येते ती टकटक. कार्यालयातल्या बऱ्याच ईमेल अशा टकटकीच्या असतात.

एखाद्या कारखान्यातल्या मेंटेनन्स सुपरवायझरची ही ईमेल पाहावी: 'आदरणीय सर, आपणांस कळवू इच्छितो की प्रेस क्र. ४ च्या मेन मोटरमधून मागील आठवड्यापासून आवाज येत असून ग्रीसिंग करण्यात आले आहे. तसेच मंगळवारी व्हायब्रेशन चेक केले असता रीडिंग जास्त आढळले. यापूर्वीही प्रेस क्र. २ बाबत असे झाले होते. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' यात चुकीचे काही नाही. पण वाचणाऱ्याने करायचे काय? तीच गोष्ट अशी लिहिता येते: 'सर, प्रेस क्र. ४ या रविवारी सहा तास बंद ठेवायला परवानगी हवी आहे. मेन मोटरचे बेअरिंग खराब झाले आहे. आठवड्यात व्हायब्रेशन दुप्पट झाले. आत्ता बदलले तर एक शिफ्ट जाईल. चालू कामात जाम झाले तर मोटर जळेल आणि नवी येईपर्यंत लाइन उभी राहील. बेअरिंग स्टोअरमध्ये आहे, दोन फिटर रविवारी यायला तयार आहेत. शुक्रवारी दुपारपर्यंत कळले तर प्लॅनिंगला सांगता येईल.' मागणी पहिल्या वाक्यात आहे, निर्णयाची मुदत शेवटच्या. मधल्या वाक्यांत मॅनेजरला स्वतःच्या वरिष्ठाला सांगायला लागणारे सगळे तयार आहे. हे शेवटचे फार थोड्यांना सुचते: पटवायचे असते त्या माणसालाही पुढे कोणाला तरी पटवायचे असते.

शासकीय कामकाजात या गोष्टीची जुनी सोय आहे. नस्तीवरची टिपणी लिपिकापासून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते, आणि तिच्या शेवटी 'मान्यतेस्तव सादर' किंवा 'अवलोकनार्थ सादर' असे लिहिलेले असते. वरच्याने सही करायची आहे की नुसते पाहायचे आहे, हे दोन शब्दांत ठरते. मुद्देसूद टिपणीत विषय, नियम, पूर्वीचा दाखला, पर्याय आणि प्रस्ताव ओळीने येतात आणि साहेबाला नस्तीची मागची पाने उलटावी लागत नाहीत. बिघाड होतो तो 'उचित आदेशार्थ सादर' या शब्दांनी. त्यात प्रस्ताव नसतो. कोणता आदेश उचित, हे वरच्याने ठरवायचे असते. चूक झाली तर आपण काही सुचवले नव्हते, एवढी सोय लिहिणाऱ्याला मिळते. हा भाषेचा दोष मानणे भोळेपणाचे होईल. जिथे प्रस्ताव मांडणाऱ्यालाच चौकशीत ओढले जाते, तिथे शहाणा माणूस असेच लिहिणार.

म्हणणे कळणे आणि ते पटणे यांत अंतर आहे. ते किती महाग पडू शकते, हे २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी दिसले. चॅलेंजर हे अंतराळयान दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून उडणार होते आणि रात्री पारा शून्याखाली जाणार होता. रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत कडक होतील आणि गरम वायू बाहेर येईल, अशी मॉर्टन थायोकोल कंपनीच्या रॉजर बोईजोली आणि इतर अभियंत्यांना भीती होती. फोनवरच्या लांबलचक बैठकीत त्यांनी तेरा तक्ते दाखवले आणि ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नये असे सांगितले. नासाच्या अधिकाऱ्यांनी प्रतिप्रश्न केला: उबदार हवेतल्या एका उड्डाणातही कड्यांना इजा झाली होती, मग थंडीचा संबंध कसा? अभियंत्यांना याचे ठोस उत्तर देता आले नाही. कंपनीचे वरिष्ठ फोन बंद करून आपापसांत बोलले, अभियांत्रिकी प्रमुखाला आता व्यवस्थापकाच्या भूमिकेतून विचार करायला सांगण्यात आले, आणि कंपनीने होकार कळवला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सातही जण मरण पावले.

नंतरच्या चौकशी आयोगाने एक साधी गोष्ट केली. फक्त इजा झालेली उड्डाणे न पाहता आधीची सगळी उड्डाणे तपमानाप्रमाणे एका आलेखावर मांडली. सुमारे १८ अंश सेल्सियसच्या वरच्या २० उड्डाणांपैकी तीनांत इजा दिसली होती. त्याखालच्या चार उड्डाणांत चारही वेळा. बैठकीत हा आलेख कोणाजवळ नव्हता. काही तासांत तो करणे कितपत शक्य होते यावर अजून वाद आहे, आणि निर्णयाची जबाबदारी दबाव आणणाऱ्यांचीच, अभियंत्यांची नव्हे. तरी बोध उरतोच: 'धोका आहे' या विधानाला पुरावा लागतो, आणि ज्या वेळी काही बिघडले नाही त्या वेळा दाखवल्याशिवाय बिघडलेल्या वेळांचा अर्थ लागत नाही. आयोगाचे एक सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सुनावणीत कड्याच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि बाहेर काढून चिमटा सैल केला. रबर पूर्ववत झाले नाही. अहवालाची पाने विसरलेल्यांनाही तो ग्लास आठवतो.

सतरा वर्षांनी नासा पुन्हा त्याच ठिकाणी अडली. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडताना इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. परतताना ते यान तुटले आणि त्यातले सगळे मरण पावले; त्यांत अंतराळवीर कल्पना चावला होत्या. त्याआधी पंखाच्या नुकसानाचा अंदाज मांडणाऱ्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यांपेक्षा सुमारे ६४० पट मोठा होता, ही बाब मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांच्या उपमुद्द्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत गेली. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडवर स्वतंत्र टीका केली आणि तांत्रिक अहवालाची जागा स्लाइडनी घेण्याच्या सवयीवरही. त्याच काळात पंखाचे फोटो काढून घ्यावेत अशी मागणी करणारा अभियंता रॉडनी रोशा याने नकाराविरुद्ध कडक शब्दांत एक ईमेल लिहिली होती. ती त्याने सहकाऱ्याला दाखवली, वर पाठवली नाही. अधिकाराची पायरी ओलांडायची नव्हती.

ती का पाठवली गेली नाही, हा प्रश्न ऐकणाऱ्यांकडे वळतो. वरिष्ठ खोलीत आल्यावर 'काही अडचण?' असे विचारतो, तेव्हा 'नाही सर' हे उत्तर त्या प्रश्नातच असते. 'हा प्लॅन फसला असं समजा. कशामुळे फसला असेल?' असे विचारले तर शंका काढणे हेच काम होऊन बसते. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ही युक्ती रूढ केली. मत विचारताना सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करणे, आणि आपले मत शेवटी सांगणे, हा तर फुकटचा उपाय आहे. १९ जुलै १९८९ रोजी डीसी-१० विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली, तेव्हा कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतले, इंजिनांचे नियंत्रण त्याच्या हाती दिले आणि प्रत्येकाची सूचना ऐकत विमान सू सिटीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. याचे श्रेय हेन्स पुढे आयुष्यभर क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणाला देत राहिले. विमानकंपनी होती युनायटेड, पोर्टलंडच्या अपघातातलीच.

उतरंडीत बोलता न आलेल्या गोष्टींसाठी विमान क्षेत्राने १९७६ पासून एक बाजूची वाटही ठेवली आहे. अमेरिकेत वैमानिक, नियंत्रक किंवा तंत्रज्ञ आपली वा दुसऱ्याची चूक नासाकडे कळवू शकतो. अहवाल नासा घेते, कारण शिक्षा करण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. नाव-गाव काढून टाकल्यावरच माहिती पुढे जाते, आणि हेतुपुरस्सर केलेला किंवा गुन्ह्याच्या स्वरूपाचा प्रकार नसेल, तर वेळेत कळवणाऱ्याला सहसा दंडातून सूट मिळते.